मंडालेचा नेम

॥ श्री गुरुदेव ॥



पावसाळा लागला की आपल्या जोयड्याच्या गटात निरोप येतात. कुणाचं ऑपरेशन झालंय, कुणाची शुगर वाढलीय. डॉक्टर थोडं चाला म्हणतात, पण मनच उठत नाही. आम्हीही यातून गेलोय. दारातला पाऊस बघत अंथरुणातच दिवस जायचा. त्या दिवसांत आम्हाला आधार झाला तो लोकमान्य टिळकांच्या चरित्राचा.

२३ जुलै १८५६ ला रत्नागिरीत जन्मलेले बाळ गंगाधर टिळक लहानपणी अगदी किरकोळ अंगाचे होते. पुण्यात डेक्कन कॉलेजला गेल्यावर त्यांनी पहिलं वर्ष व्यायाम, कुस्ती आणि पोहण्यालाच दिलं. त्या वर्षी परीक्षेत नापास झाले, पण शरीर कमावलं. पुढे बी. ए. सुद्धा झाले.

१९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांना ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात पाठवलं. वय बावन्न, त्यात मधुमेह. लाकडी फळ्यांची खोली. उन्हाळ्यात तापायची, थंडीत गारठायची. घरचं माणूस जवळ नाही. तिथे त्यांनी आपला दिवस नेमाने बांधून घेतला. पथ्याचं खाणं, पूजा-ध्यान, वाचन आणि लेखन. शाई मिळत नसे, म्हणून पेन्सिलीने लिहायचे. १९१० च्या नोव्हेंबरात सुरू केलेला गीतारहस्याचा खर्डा १९११ च्या मार्चअखेर, म्हणजे पाचेक महिन्यांत, पुरा झाला. या ग्रंथाचा विषयच कर्मयोग!

१९१२ च्या जूनमध्ये पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या. त्यांनाही मधुमेह होता. पतीला शेवटची भेटही झाली नाही. दुःख मोठंच होतं, पण नेम सुटला नाही.

१९१४ साली ते सुटून आले. मधुमेह सुटला नव्हता, तो सोबतच होता. तरी १९१६ च्या एप्रिलमध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, ते आपल्या बेळगावला आले आणि तिथे होमरूल लीग स्थापन झाली. लोंढ्याहून आपण बाजारहाटाला जातो तेच हे बेळगाव! १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत त्यांनी देह ठेवला.

आम्हाला यातून एकच उमगलं. आधी बरं वाटू दे, मग उठू, असं म्हणत बसलो की उठणं होत नाही. ठरल्या वेळेला थोडंसं केलं की मन मागून येतं. टिळकांनी कुठे आजार जाण्याची वाट पाहिली? आणि पथ्य पाळलं, तोही नेमाचाच भाग. म्हणून डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल तर ती नीट घ्यावी. चालायला सांगितलं असेल तर पाऊस असला तरी पडवीत चार फेऱ्या माराव्यात. तेही जमत नसेल तर बसल्या बसल्या वाती वळाव्यात, भाजी निवडावी.

घरात कुणी आजारातून उठत असेल तर आज संध्याकाळी त्यांच्यासोबत चार पावलं चाला आणि गटात नुसतं ‘चाललो’ एवढंच कळवा. आम्ही वाट बघतोय. 🌼

आपल्या सेवेकरी भगिनी