दादोबांचे व्याकरण आणि आपली मुले

आपल्या मोहगावात मुले घरी मराठी, शाळेत हिंदी बोलतात आणि इंग्रजीच्या क्रियाविशेषणांपाशी अडतात. तेव्हा आम्हांला दादोबा पांडुरंग तर्खडकर आठवतात.

1814 साली मुंबईत जन्मलेल्या दादोबांनी 1836 साली, ऐन बाविशीत, मराठीचे व्याकरण छापले. मांडणी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीची, नावे मात्र संस्कृत वळणाची. लोक त्यांना मराठीचे पाणिनी म्हणू लागले. सुरतेला ते शिक्षक होते. तिथे 1844 साली मानवधर्मसभा निघाली, त्यात ते होते. पुढे मुंबईत परमहंस सभेतून जातिभेदाला विरोध केला आणि नगरला डेप्युटी कलेक्टरही झाले. सरकारी नोकरी सांभाळून एवढे केले, याचे आम्हां नोकरदारांना फार अप्रूप! 1882 साली ते वारले.

त्यांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम. 1878 साली विलायतेला निघालेले तरुण रवींद्रनाथ टागोर यांच्याच घरी राहिले आणि कन्या अन्नपूर्णा यांच्याकडून इंग्रजी शिकले.

दोन्ही व्याकरणे शेजारी ठेवली की मुलांची अडचण कळते. आपण ‘तो चांगला गातो’, ‘ती चांगली गाते’ म्हणतो. माणूस चांगला, गाणेही चांगलेच. इंग्रजीत माणूस ‘गुड’, पण गाणाऱ्या दोघांच्याही क्रियापदाला ‘वेल’. ‘हार्ड’ म्हणजे कष्टाने, तर ‘हार्डली’ म्हणजे जेमतेम; उत्तरपत्रिकेत ‘ही वर्क्स हार्डली’ लिहिले, तर कष्टाळू मुलगा आळशी ठरतो. घरी आधी मराठी वाक्य म्हणवून घ्यावे, मग इंग्रजी.