पंडिता रमाबाई व गांजलेल्या स्त्रिया

पंडिता रमाबाई ह्यांची विद्वत्ता, त्यांचे पवित्र शास्त्राचे भाषांतर व त्यांचा प्रार्थनेचा परिपाठ ह्यांविषयी आमच्या मंडळ्यांतून वारंवार बोलले जाते. आज आम्ही प्रिय वाचकांपुढे त्यांच्या चरित्राचे एकच अंग ठेवू इच्छितो. ते हे की, जुलमाखाली पिचणाऱ्या स्त्रीस खरी मदत कोणती, हे ह्या बाईंस कसे उमगले.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. पिता अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले, म्हणून लोकनिंदा सोसली व सह्याद्रीतील गंगामूळच्या रानात बिऱ्हाड केले. पुढे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरू लागले. मोठ्या दुष्काळात आईबाप अन्नान्न करून वारले. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. बंधूच्या मृत्यूनंतर १८८० साली त्यांनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी जात मोडून लग्न केले. दोन वर्षांच्या आत पटकीने पती गेले. पदरी मनोरमा नावाची तान्ही मुलगी राहिली. भूक व वैधव्य त्यांनी पुस्तकात वाचले नव्हते.

१८८२ साली पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. त्याच वर्षी हंटर कमिशनपुढे साक्ष देताना त्यांनी स्त्रीशिक्षिका व स्त्रीवैद्य ह्यांची मागणी केली. कारण साधे होते. आपले दुखणे पुरुषापुढे सांगण्यापेक्षा पुष्कळ बायका मरण पत्करीत. आमच्या मते हे आजही ध्यानात धरण्याजोगे आहे. पाळकापुढे किंवा पंचांपुढे जी स्त्री बांधीत घसरून पडले एवढेच सांगते, तीच एखाद्या समंजस बाईपाशी खरे बोलते.

१८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या. लंडनमधील फुलहॅम येथे वाँटेजच्या भगिनी पतित म्हटल्या गेलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रम चालवीत. ज्यांस आपल्या देशात कोणी दारात उभे करीत नसे, अशा बायांस तेथे ममतेने वागविताना त्यांनी पाहिले. ख्रिस्ताकडे त्यांचे मन वळण्यास हे दर्शन फार कारणीभूत झाले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्या अमेरिकेत असताना इकडे रखमाबाईंचा खटला गाजत होता. बाळपणी लग्न झालेल्या ह्या मुलीने नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचे नाकारले, तेव्हा १८८७ साली मुंबईच्या कोर्टाने नांदावयास जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम केला. रमाबाईंस ह्याचा अतिशय संताप आला. रूढी व सरकार ह्या दोघांनी मिळून एका असहाय स्त्रीस कोंडले, असे त्यांनी पाहिले. आमच्या मंडळ्यांतही पुष्कळदा मार खाऊन आलेल्या स्त्रीस सहनशीलतेचा उपदेश व एक प्रार्थना देऊन त्याच घरी परत पाठविले जाते. ह्यास समेट म्हणतात. मारणाऱ्याने काय सोडले, हे कोणी विचारीत नाही. क्षमा हा शब्द अशा वेळी फार स्वस्त होतो, असे आम्हांस वाटते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले व पुढील वर्षी ते पुण्यास नेले. तेथे विधवांस अन्न, विद्या व स्वतःच्या पायावर उभे राहण्याचे साधन मिळे. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई ह्यांचा पुनर्विवाह १८९३ साली धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी झाला. त्याच वर्षी धर्मांतराच्या वादावरून पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या.

मग १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात, ज्यात त्या काळी आपला भंडारा जिल्हाही मोडत असे, रमाबाई गेल्या. दुष्काळी कामांवर व अनाथगृहांत उपाशी मुलींस दलाल फूस लावून नेत, व ज्यांच्या हाती अन्न होते तेच कित्येकदा अब्रू घेत, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. त्यांनी शेकडो मुली आणल्या. प्लेगच्या नियमांमुळे पुण्यात ठेवता येईनात, म्हणून केडगावच्या शेतावर त्यांस नेले. तेथे मुक्ति सदन उभे राहिले. विणकाम, छापखाना, तेलाचा घाणा व शेती ही कामे मुली शिकल्या. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निराळे होते. १९०० च्या सुमारास तेथे सुमारे दोन हजार जीव होते.

१८९७ साली पुण्याच्या प्लेग इस्पितळात स्त्रियांची अब्रू सुरक्षित नाही, असे त्यांनी बॉम्बे गार्डियन पत्रात उघड लिहिले. प्रश्न विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत गेला. गव्हर्नरसाहेबांनी त्यांचे म्हणणे खोटे ठरविले, तरी त्या आपल्या मुलींच्या बाजूस राहिल्या.

मनोरमाबाई १९२१ साली वारल्या, व रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे प्रभूमध्ये निजल्या. मुक्ति मिशनचे काम अद्यापि चालू आहे.

रमाबाईंच्या काळी नव्हते असे काही आज साकोलीच्या किंवा तुमसरच्या खेड्यातील स्त्रीस आहे. २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्यात मारहाणीबरोबर शिवीगाळ, धमकी, शरीरसंबंधाची बळजबरी व खर्चास पैसे न देणे हीही हिंसाच धरली आहे. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावे असले तरी तीस कायद्याने दिल्या रीतीवाचून बाहेर काढता येत नाही. संरक्षण अधिकारी तिचा अर्ज मॅजिस्ट्रेटकडे नेतो. जीवावर बेतले असता टेलिफोनवर ११२ व सल्ल्यासाठी १८१ हा क्रमांक आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीस वकील मोफत मिळतो, मग तिच्या घरचे उत्पन्न कितीही असो.