मोबाइलच्या मेमरीतला ‘कचरा’ उचलणारे मॅकार्थी

विरार लोकलमध्ये बसून एकाच ॲपमध्ये तासभर व्हिडिओ, फोटो चाळले, तरी अँड्रॉइड मोबाइल सहसा अडत नाही. वापरून झालेली मेमरी आपोआप मोकळी होते, हे त्याचे एक कारण. या ‘गार्बेज कलेक्शन’चे जनक जॉन मॅकार्थी.

कोण होते?
जन्म ४ सप्टेंबर १९२७, बोस्टन. १९५१ मध्ये प्रिन्स्टनमधून गणितात डॉक्टरेट. १९५८ मध्ये एमआयटीत त्यांनी ‘लिस्प’ ही भाषा रचायला घेतली.

युक्ती काय?
मेमरी प्रोग्रॅमरनेच मोकळी करायची, तर चुका ठरलेल्या. मॅकार्थींनी ते काम यंत्रावर सोपवले. मेमरी संपली, की प्रोग्रॅम जिथवर पोहोचू शकतो त्या जागांवर खूण करायची. बिनखुणेच्या जागा पुन्हा वापरायच्या. १९६० च्या शोधनिबंधात ही पद्धत आली.

फजिती का झाली?
उद्योगजगतातील पाहुण्यांसमोर लिस्पचे प्रात्यक्षिक सुरू होते. सरावानंतर मेमरी पूर्ववत केली नव्हती. ती मध्येच संपली. सफाई सुरू झाली आणि तिचा पानभर हिशेब टाइपरायटरवर सेकंदाला १० अक्षरांच्या गतीने उमटू लागला. उरलेला वेळ त्यातच जाणार होता. सभागृहात हशा पिकला.

आज काय?
दोष शोधायला असा हिशेब लागतोच, पण तो कधी छापायचा हे आपल्या हाती हवे. पायथॉनच्या ‘जीसी’ मॉड्यूलने सफाई थांबवता येते, हवी तेव्हा चालवता येते, तपशीलही मागवता येतो.

१९७१ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळवणाऱ्या मॅकार्थींचे २४ ऑक्टोबर २०११ रोजी निधन झाले.