धनंजयराव गाडगीळ : गावोगाव हिंडलेलं अर्थशास्त्र

अर्थशास्त्र म्हटलं की आपल्यासारख्या इंजिनिअरिंगवाल्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. सिव्हिलची मंडळी धरणाच्या खर्च-फायद्याचं गुणोत्तर परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करतात आणि पेपर संपला की विसरतात. पण धरणाचा फायदा म्हणजे नेमकं काय, तो कोणाच्या खिशात जातो आणि मोजायचा कसा, हा प्रश्न आपल्याच गोदावरी-प्रवरेच्या कालव्यांवर जाऊन विचारणारा एक माणूस होऊन गेला. त्याचं नाव धनंजय रामचंद्र गाडगीळ. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना ‘गाडगीळ सूत्र’ माहीत असतं. त्यामागचा माणूस मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

गाडगीळांचा जन्म १० एप्रिल १९०१चा, नाशिकचा. पुढे उच्च शिक्षणासाठी ते केंब्रिजला गेले. तिथं एम.लिट.साठी त्यांनी भारताच्या औद्योगिक वाटचालीवर प्रबंध लिहिला. तो १९२४ साली पुस्तकरूपात आला आणि पुढे कित्येक पिढ्यांनी अभ्यासाला वापरला. तेव्हा लेखकाचं वय होतं २३. म्हणजे आपल्याकडे एखादा एम.ई.च्या सेमिनारचा विषय शोधत असतो, त्या वयात!

परत आल्यावर काही काळ मुंबई सरकारची नोकरी आणि मग सुरतेच्या कॉलेजचं प्राचार्यपद, असं चाललं होतं. सरळ वाट होती. पण १९३० साली साताऱ्याचे रावबहादुर रा. रा. काळे यांच्या देणगीतून पुण्यात गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था उभी राहिली, आणि गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. तेव्हापासून १९६६पर्यंत, तब्बल ३६ वर्षं, त्यांनी ही संस्था सांभाळली.

त्या काळी अर्थशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण म्हणजे बहुतेक ठिकाणी इंग्रजी ग्रंथांचं वाचन. उदाहरणं इंग्लंडची, शेती इंग्लंडची. गावात जाऊन मोजमाप करायची पद्धत आपल्याकडे नुकती कुठं रुजत होती. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर गावाची पाहणी करून १९१७ साली पुस्तक काढलं होतं. (हो, तेच पिंपळे सौदागर, जिथं आज आयटीवाले फ्लॅट घेतात!) मान हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. मातीचं पृथक्करण करता करता ते माती कसणाऱ्याच्या कर्जापर्यंत पोचले.

एकेका गावापुरती असलेली ही पद्धत गाडगीळांनी संस्थेचा नित्यक्रम करून टाकली. पुण्याच्या फळबाजाराची पाहणी झाली. १९३६-३७ साली वाई तालुक्यातल्या शेतीच्या जमाखर्चाची पाहणी झाली. बियाणं, बैल, मजुरी, घरच्या माणसांची राबणूक, सगळं मांडायचं आणि शेवटी हातात काय उरतं ते बघायचं. काम किचकट. शेतकऱ्याकडे वह्या-बिह्या नसतात, सगळा हिशेब तोंडी. त्याला बोलतं करायचं, तर आधी त्याचा विश्वास कमवावा लागतो. संस्थेत शिकणारी पोरं अर्थशास्त्र शिकली ती अशी.

आता कालव्यांकडे येऊ. भंडारदऱ्याचं धरण १९१०ला सुरू होऊन १९२६ला पुरं झालं. अशा कामांचा सरकारी हिशेब साधा होता : पाणीपट्टी किती जमली आणि घातलेल्या पैशावर व्याज सुटलं की नाही? व्याज सुटलं नाही, तर काम तोट्याचं. गाडगीळांना हे पटत नव्हतं. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या पाहणीत त्यांनी प्रत्यक्ष फायद्याबरोबर अप्रत्यक्ष फायदाही धरला. पाणी आलं की पिकं बदलतात, मजुराला काम मिळतं, व्यापार वाढतो. हे सगळं पाणीपट्टीच्या पावतीत दिसत नाही, पण ते खरं असतं. आज जो विषय आपण चार मार्कांपुरता वाचतो, त्यावर आपल्या देशात झालेल्या सुरुवातीच्या मोठ्या कामांपैकी हे एक.

दुसरा प्रश्न कर्जाचा. १९४५ साली गाडगीळ समितीचा शेती-पतपुरवठ्यावरचा अहवाल आला. पुढे रिझर्व्ह बँकेनं केलेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीच्या समितीतही ते होते. ७५ जिल्ह्यांतली ६०० गावं पाहून १९५४ साली अहवाल निघाला. त्यातला एक आकडा धक्का देणारा होता. शेतकऱ्यानं घेतलेल्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा फक्त ३ टक्क्यांच्या आसपास! सगळ्यात मोठा वाटा सावकाराचा. पन्नास वर्षं सहकाराचा कायदा असून ही अवस्था. तेव्हा सहकाराला सरकारची भागीदारी हवी, आणि नुसतं कर्ज देऊन भागणार नाही, मालाची विक्री आणि प्रक्रियाही त्याला जोडली पाहिजे, असं या समितीनं सुचवलं.

गाडगीळ मात्र अहवाल देऊन थांबणारे नव्हते. नगर जिल्ह्यात (आताचा अहिल्यानगर) लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील ऊसकऱ्यांचा स्वतःचा कारखाना काढायला निघाले होते. वैकुंठभाई मेहता आणि गाडगीळ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. गावोगाव फिरून भाग गोळा झाले आणि १९५०-५१च्या हंगामात प्रवरेचा कारखाना सुरू झाला. पहिले अध्यक्ष कोण, तर केंब्रिजचे गाडगीळ! एकीकडे शेतकऱ्यांना नावानं ओळखणारा शेतकरी पुढारी, दुसरीकडे ताळेबंद नीट वाचणारा प्राध्यापक. ही जोडी जमली म्हणून कारखाना टिकला. मग त्याच्या पावलावर पाऊल टाकत राज्यभर सहकारी कारखाने उभे राहिले.

पुढचं थोडक्यात. पुणे विद्यापीठाचं कुलगुरुपद, मग १९६७ साली नियोजन मंडळाचं उपाध्यक्षपद. राज्यांना केंद्राची मदत ज्याच्या-त्याच्या वजनावर मिळू नये, म्हणून १९६९ साली सूत्र ठरलं : ६० टक्के लोकसंख्येवर, आणि दरडोई उत्पन्न, कर गोळा करण्याची धडपड, चालू असलेले मोठे पाटबंधारे व वीज प्रकल्प आणि राज्याच्या खास अडचणी यांना १० टक्के प्रत्येकी. पुढे त्यात बदल झाले. २०१५ साली नियोजन मंडळाची जागा नीती आयोगानं घेतली आणि ते सूत्रही मागं पडलं. १९७१ साली गाडगीळांनी पद सोडलं आणि ते पुण्याला निघाले. घरी पोचलेच नाहीत. ३ मे १९७१ रोजी रेल्वेप्रवासातच त्यांचं निधन झालं. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ हे त्यांचे चिरंजीव.

मित्रांनो, सगळंच गोड झालं असं मात्र नाही. कारखान्यांभोवती राजकारणाचे गड उभे राहिले. कित्येक कारखाने बंद पडले, काही विकले गेले. थोड्या जमिनीवरचा ऊस सिंचनाच्या पाण्याचा मोठा वाटा पितो आणि शेजारचा कोरडवाहू शेतकरी आभाळाकडे बघत बसतो. पाण्यामुळे कोणाचं किती भलं झालं, हे मोजायला गाडगीळांनी शिकवलं. पाणी कोणाला मिळालंच नाही, हेही त्याच पद्धतीनं मोजायला हवं. ते काम शिल्लक आहे.

आपल्यातले बरेच जण शेतकऱ्याच्या घरातले. उद्या कोणी धरणावर जाईल, कोणी पंप बनवील, कोणी शेतीसाठी सॉफ्टवेअर लिहील. तेव्हा डिझाइन हातावेगळं करण्याआधी एकदा त्या गावात जाऊन यावं, दोन दिवस राहावं, चार घरांचा हिशेब ऐकावा. त्याला एम.ए. व्हावं लागत नाही. एक वही आणि ऐकून घ्यायची तयारी, एवढं पुरतं.