गफार बेग मुन्शींचा शेजारी : महात्मा फुले आणि रयतेच्या पैशाचा हिशोब

गेल्या महिन्यात आमच्या नववीच्या वर्गातला एक मुलगा आठवडाभर आला नाही. शेवटी शाळा सुटल्यावर आम्ही त्याच्या घरी गेलो. दापोडीत रेल्वेलाईनच्या बाजूला दोन खोल्यांचे घर. वालिद भोसरीच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे लोडिंगला जातात, अम्मी शिलाई करतात. त्यांनी चहा दिला आणि सरळ हिशोब मांडला. थोरला बारावी झाला, पण कंपनीत कायम झाला नाही, तोही ठेकेदाराकडेच राबतो. मग धाकट्याने आणखी चार वर्षे वह्या-पुस्तकांत घालवून काय मिळणार? वेल्डिंगच्या दुकानात आत्ता बसला तर चार वर्षांत कारागीर होईल. रागाने नाही, अगदी अदबीने बोलत होते. खरे सांगायचे तर आमच्याकडे लगेच उत्तर नव्हते. आम्ही त्यांना एका माणसाची गोष्ट सांगितली. तीच इथे लिहितो आहोत, कारण असाच हिशोब करणारा एक बाप पुण्यात पावणेदोनशे वर्षांपूर्वीही होता, आणि त्याचे मन एका मुन्शीने वळवले होते.

त्या बापाचे नाव गोविंदराव. मूळ आडनाव गोऱ्हे, मूळ गाव सातारा जिल्ह्यातले कटगुण. पुण्यात आल्यावर या घराण्याने पेशव्यांकडे फुले पुरवण्याचे काम केले, त्याबद्दल पस्तीस एकर जमीन इनाम मिळाली आणि गोऱ्ह्यांचे फुले झाले. गोविंदरावांचा मुलगा जोतीराव, जन्म ११ एप्रिल १८२७. आई चिमणाबाई तो तान्हा असतानाच गेल्या, नात्यातल्या सगुणाबाईंनी त्याला वाढवले. मुलगा हुशार होता, मराठी शाळेत चांगला शिकत होता. पण दुकानावरच्या कारकुनाने गोविंदरावांच्या कानात घातले की माळ्याच्या पोराला शिक्षणाचा काय उपयोग, बिघडेल. बापाने मुलाला शाळेतून काढले आणि मळ्यात खुरपे हातात दिले. 

तीन वर्षे अशीच गेली. शेजारी गफार बेग मुन्शी राहत, उर्दू-फारसी शिकवत. हा पोरगा दिवसभर मळ्यात राबून रात्री दिव्याजवळ पुस्तक घेऊन बसतो हे त्यांनी पाहिले. लिजिटसाहेब नावाच्या इंग्रज गृहस्थांनाही ते जाणवले. दोघांनी मिळून गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत दाखल झाले. तेव्हा ते चौदा वर्षांचे होते, म्हणजे आमच्या नववीतल्या मुलाएवढेच. आपल्या मोहल्ल्यांत फुल्यांचे नाव सगळ्यांना माहीत असते, मुन्शीजींचे फारच थोड्यांना.

पुढचा भाग पाठ्यपुस्तकात आहे, म्हणून भराभर सांगतो. १८४८ साली बुधवार पेठेत भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, सावित्रीबाई शिकवू लागल्या. समाज खवळला आणि गोविंदरावांना मुला-सुनेला घराबाहेर काढावे लागले. तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरी आसरा दिला. फातिमा शेख यांचे नाव सावित्रीबाईंनी १८५६ साली नायगावहून पतीला लिहिलेल्या पत्रात येते. आपण आजारी असल्याने सगळा भार फातिमावर पडला असेल, अशी काळजी त्या पत्रात आहे. आणि एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. ज्या वाड्यात शाळा भरली तो ब्राह्मणाचा होता, आणि गोवंडे, वाळवेकर, परांजपे हे जोतीरावांचे साथीदारही ब्राह्मण होते. त्यांचे भांडण माणसांशी नव्हते, व्यवस्थेशी होते.

पण आम्हाला आज बोलायचे आहे ते पैशाबद्दल. फुल्यांचा हा पैलू कमी सांगितला जातो. शाळा चालवायची, अनाथ मुले सांभाळायची, १८६३ पासून फसवल्या गेलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी घर उघडायचे, तर खर्चाला पैसा लागतोच. जोतीरावांनी नोकरीपेक्षा धंदा केला. मांजरीजवळ शेती केली, भाजीपाला पिकवला, ओतकामाला लागणाऱ्या धातूच्या साच्यांची एजन्सी घेतली, पूना कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत भागीदारी केली. खडकवासल्याच्या धरणाला दगड-चुना पुरवला, पूल आणि रस्त्यांच्या कामांचे ठेके घेतले. आज पुण्याला ज्या धरणाचे पाणी येते त्यात या माणसाच्या धंद्याचा वाटा आहे.

ठेकेदारी करताना त्यांनी एक गोष्ट जवळून पाहिली. दगड फोडणारे, माती वाहणारे, पाण्यात उभे राहून काम करणारे सगळे एका बाजूचे लोक. हजेरी मांडणारा, मोजमाप लिहिणारा, बिल पास करणारा दुसऱ्या बाजूचा. गोरा साहेब वर बसून सही करतो, मधला कारकून दोन्हीकडून खातो आणि मजुराच्या हातात उरते ती सगळ्यात कमी रक्कम. एकाच कामावर, एकाच उन्हात दोन घरांत जाणारा पैसा इतका वेगळा कसा, हा प्रश्न त्यांनी पुढे आयुष्यभर सोडला नाही. लेखणी कोणाच्या हातात आहे यावर तो फरक ठरतो, हे त्यांचे उत्तर होते.

१८७३ साली त्यांचे ‘गुलामगिरी’ हे पुस्तक आले. ते त्यांनी अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केले, कारण त्यांनी काळ्या गुलामांची मुक्तता केली होती. पुण्यातल्या माळ्याच्या मुलाला अमेरिका का आठवावी, असे आम्हाला आधी वाटायचे. नंतर कळले की अमेरिका तेव्हा पुण्याच्या शेतापर्यंत येऊन पोचली होती. १८६१ ते १८६५ या काळात तिकडे यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्या आपल्याकडच्या कापसावर तुटून पडल्या. भाव चढले, शेतकऱ्याला कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपले तसे भाव कोसळले. सरकारने मात्र सारा वाढवून ठेवला होता. कर्ज उरले, व्याज चढले, जमिनी सावकाराच्या नावावर जाऊ लागल्या. १२ मे १८७५ रोजी सुपे गावच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने फोडली आणि कर्जाचे रोखे जाळले. हे दंगे पुणे-नगर जिल्ह्यांत पसरले. लोकांचा राग माणसांपेक्षा कागदांवर जास्त निघाला. जो कागद आपल्याला वाचता येत नाही, त्याच्यावर आपला अंगठा आहे आणि त्यानेच आपली जमीन गेली, हे त्यांना कळले होते.

अमेरिकेतही मुक्त झालेल्या काळ्या माणसांच्या हातात काय आले? १८६५ च्या सुरुवातीला सेनापती शेरमनने दक्षिणेच्या किनाऱ्यावर प्रत्येक कुटुंबाला चाळीस एकरांपर्यंत जमीन देण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी अध्यक्ष जॉन्सनने तो फिरवला आणि जमीन जुन्या मालकांकडे परत गेली. बेड्या तुटल्या, पण जमीन मिळाली नाही. त्याचा परिणाम आजही मोजता येतो. तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत मधल्या पातळीवरच्या गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता सुमारे २ लाख ८५ हजार डॉलर निघाली आणि काळ्या कुटुंबाची सुमारे ४५ हजार. सहापटीहून अधिक फरक. पगारातली तफावत यापेक्षा बरीच लहान असते. पगार महिन्याचा असतो, मालमत्ता आजोबांपासूनची.

फुल्यांना हे आकडे माहीत असणे शक्य नव्हते, पण दुखणे कुठे आहे ते त्यांनी ओळखले होते. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांनी शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यात त्यांनी सरकारला अक्षरशः हिशोब विचारला. शेतकऱ्याकडून साऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी घेतली जाई आणि तिचा एक हिस्सा शाळांसाठी असे. सरकारची बाकी कमाईही मुख्यतः शेतसाऱ्याची. म्हणजे पैसा रयतेच्या घरातून निघतो. तो जातो कुठे? वरच्या वर्गांची मुले शिकतात त्या कॉलेजांकडे. तिथून पदवीधर बाहेर पडतात, सरकारी खात्यांत बसतात आणि त्याच रयतेचे अर्ज, खटले आणि मोजणी त्यांच्या हातात येते. एका घराने पैसा भरायचा आणि दुसऱ्या घराने पगार आणि पेन्शन घ्यायची, मग दोन घरांची श्रीमंती सारखी कशी होणार? म्हणून बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी होती. शिक्षक शेतकरी समाजातूनही तयार करा, खेड्यातल्या शिक्षकाला महिना निदान बारा रुपये द्या, मोठ्या गावात पंधरा ते वीस द्या, असेही त्यांनी सांगितले. आम्ही स्वतः मास्तर असल्याने हा मुद्दा वाचून बरे वाटते, हे कबूल करतो.

पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून झाला. त्यात त्यांनी शेतकऱ्याचे घर आतून दाखवले. अंगावरच्या चिंध्या, गळके छप्पर, जनावरांचे खंगलेले हाल आणि कोर्टकचेरीच्या फेऱ्या सगळे त्यात आहे. उपायही सांगितले. पावसाचे पाणी अडवायला बांध घाला, तलाव बांधा, जनावरांची पैदास सुधारा. आणि काळ्या-गोऱ्या बड्या अधिकाऱ्यांचे भरमसाट पगार आणि पेन्शनी कमी करा. इंग्रजांच्या राज्यात राहून हे लिहायला हिंमत लागत होती.

इथे आमच्या दापोडीचाही संबंध येतो. आमच्या कितीतरी मुलांना हे माहीत नसते की मुंबई इलाख्याचा गव्हर्नर एकेकाळी पावसाळ्यात इथे येऊन राहायचा. १८२८ साली सरकारने कॅप्टन फोर्डचा इथला बंगला घेतला, भोवती वनस्पतींची मोठी बाग केली. १८६५ पर्यंत ती होती. जोतीराव नदीपलीकडे पुण्यात शाळांसाठी पैसा जमवत होते, तेव्हा इथे साहेबाची बाग फुलत होती. मग दापोडी सोडून गणेशखिंडीत त्याहून मोठा वाडा बांधला, त्याचा खर्च इतका वाढला की सरकारातच ओरड झाली. तोच वाडा आज विद्यापीठाची मुख्य इमारत आहे आणि २०१४ पासून त्या विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव आहे.

अशा उधळपट्टीला विरोध करायची संधी फुल्यांनाही आली. १८७६ पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे नियुक्त सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार होता, त्याच्या स्वागताला हजार रुपये खर्च करायचा ठराव आला. नियुक्त सभासदांत एकट्या फुल्यांनी विरोधात मत दिले. हे पैसे गरिबांच्या शिक्षणाला वापरा, एवढेच त्यांचे म्हणणे. १८७७ च्या दुष्काळात त्यांनी आणि सत्यशोधक समाजाने धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र चालवले होते, त्या मुलांचे चेहरे डोळ्यांपुढे असतील.

सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३ चा. दार सगळ्या जातींना आणि धर्मांना उघडे. भटजीशिवाय कमी खर्चात लग्न लावायचे हा त्यांचा कार्यक्रम होता. लग्नासाठी काढलेल्या कर्जाने किती घरे बुडतात ते आपल्या समाजालाही सांगायला नको. याच समाजातले नारायण मेघाजी लोखंडे मुंबईच्या गिरणी कामगारांचे पुढारी झाले आणि त्यांच्या लढ्याने १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. आज भोसरी-चाकणला कामावर जाणाऱ्यांना हे नाव कोणी सांगत नाही. फुल्यांनी पैगंबरांवर ‘मानव महंमद’ नावाचा अखंडही रचला आहे, तो आम्ही वर्गात मुलांना आवर्जून दाखवतो.

१८८८ च्या मे महिन्यात मुंबईत लोकांनी त्यांना महात्मा म्हटले. दोनच महिन्यांत अर्धांगवायूने उजवा हात गेला. मग डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहिले. धंद्यात कमावलेले सगळे कामात गेले होते, औषधपाण्याची ओढाताण होऊ लागली. मामा परमानंदांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे मदतीसाठी पत्र लिहावे लागले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करताना गेल्या.

त्या मुलाच्या वालिदांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले की आज आपले काय? आम्ही त्यांना मेहमूदुर रहमान समितीबद्दल सांगितले. राज्य सरकारने २००८ मध्ये नेमलेल्या या समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला आणि महाराष्ट्रातले जवळपास ६० टक्के मुस्लिम दारिद्र्यरेषेखाली असल्याचे नोंदवले. आपणही दुकानातून माल घेताना कर भरतो, आपल्या घरातूनही पैसा जातो. तो परत येतो तो सरकारी शाळेतून, वसतिगृहातून, शिष्यवृत्तीतून. मुलगा नववीत शाळा सोडतो तेव्हा तो वाटा दुसऱ्याच्या घरी जातो.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले की दहावीपर्यंत तर पाहू, सुट्टीत मात्र वेल्डिंगला जाईल. आम्ही हो म्हटले. शिष्यवृत्तीच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला लागतो, तो त्यांच्याकडे नव्हता. शनिवारी त्यांनी अर्धा दिवस सुट्टी टाकली आणि आम्ही दोघे दाखल्याच्या रांगेत उभे राहिलो.