विंचवांची ओळख पटवणारे पोकॉक

मोठी काळी इंगळी पाहिली की धडकी भरते, पण जीव घेण्याची क्षमता तिच्यापेक्षा लहानशा लाल विंचवात जास्त असते. कोकणातला शेतकरी हे अनुभवाने जाणतो. विज्ञानाला मात्र आधी कोणता विंचू कोणता, हे नेमके ठरवावे लागते. भारतातील विंचू आणि कोळ्यांबाबत हे काम रेजिनाल्ड इनेस पोकॉक यांनी केले.

४ मार्च १८६३ रोजी इंग्लंडमधील क्लिफ्टन येथे जन्मलेले पोकॉक १८८५ मध्ये लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात रुजू झाले. पुढे आठ पायांच्या प्राण्यांचा आणि गोमींचा संग्रह त्यांच्याकडे आला. स्पिरिटच्या बाटलीत प्राण्याचा रंग टिकत नाही, म्हणून वर्गीकरण शरीराच्या ठेवणीवर करावे लागते. विंचू उलटा केला की पायांच्या मुळांमध्ये एक छोटी तबकडी दिसते. लाल विंचवाच्या कुळात ती त्रिकोणी, तर इंगळीच्या कुळात पंचकोनी असते.

मुंबईत १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिचा कारभार सांभाळणारे हर्बर्ट फिप्सन हे फोर्टमधले मद्यविक्रेते. १८९३ मध्ये पोकॉक यांनी एका इंगळीला फिप्सन यांचे नाव दिले.

१९०० मध्ये त्यांचा ब्रिटिश भारतातील अष्टपादांवरचा ग्रंथ आला. विंचू, कोळी आणि दगडांखाली, गुहांच्या अंधारात राहणारे चाबूककोळी त्यात एकत्र आले. लाल विंचवाचे बारसे फॅब्रिशियस यांनी १७९८ मध्येच केले होते. आता त्याची लक्षणे इतर भारतीय विंचवांशी ताडून पाहता येऊ लागली.

१९०४ मध्ये पोकॉक लंडनच्या प्राणिसंग्रहालयाचे अधीक्षक झाले आणि सस्तन प्राण्यांकडे वळले. कोल्हापुरात जन्मलेल्या बिबट्या-सिंहिणीच्या संकराचे कातडे सोसायटीचे मिलर्ड यांनी त्यांच्याकडेच पाठवले. १९१२ मध्ये पोकॉक यांनी त्याची माहिती प्रसिद्ध केली. १९२३ मध्ये निवृत्त झाल्यावर ते पुन्हा संग्रहालयात बसून काम करू लागले. ९ ऑगस्ट १९४७ रोजी, भारत स्वतंत्र होण्याच्या सहा दिवस आधी, त्यांचे निधन झाले.

परळच्या हाफकिनमध्ये पुढे विंचूदंशावरची प्रतिलस तयार होऊ लागली. अशी लस बनवताना घोड्याला टोचायचे विष नेमक्या त्याच जातीचे असावे लागते. जात चुकली, तर लस कुचकामी ठरू शकते. बाटलीतल्या विंचवाची तबकडी त्रिकोणी की पंचकोनी, हे पाहण्याचे मोल रुग्णाच्या खाटेपाशी कळते.