घर्षण नाकारणारा द्रव आणि लेव्ह लँडाऊ

राष्ट्रीय विज्ञान दिनी, म्हणजे २८ फेब्रुवारीला, नारायणगावजवळच्या खोडद येथे जुन्नर-आंबेगाव तालुक्यांतील शाळांची रीघ लागते. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची ती महाकाय रेडिओ दुर्बीण पाहून मुले हरखून जातात. तेथे ज्यांचा अभ्यास चालतो त्या स्पंदक ताऱ्यांची एक खोड मोठी विलक्षण आहे. घड्याळासारखे नियमित फिरणारे, हळूहळू मंदावत जाणारे हे तारे मधूनच एकाएकी किंचित वेग घेतात. ताऱ्याच्या पोटात घर्षणरहित, अतिप्रवाही असे न्यूट्रॉनांचे द्रव्य असून त्याने राखून ठेवलेली गती कवचाला अवचित मिळते, असे त्याचे आज प्रचलित असलेले स्पष्टीकरण आहे. अतिप्रवाहितेची मीमांसा ज्याने केली त्या लेव्ह लँडाऊ यांचे नाव मात्र आपल्याकडे विज्ञानशाखेच्या वर्गाबाहेर क्वचितच निघते.

लँडाऊ यांचा जन्म २२ जानेवारी १९०८ रोजी बाकू येथे झाला. एकोणिसाव्या वर्षी लेनिनग्राड विद्यापीठाची पदवी, मग कोपनहेगनला बोर यांचा सहवास आणि १९३२ पासून खारकोव्ह येथे अध्यापन, असा त्यांचा प्रवास झाला. शिष्य करून घेण्यापूर्वी ते एक कठोर परीक्षा घेत. १९६१ पर्यंत ती अवघे ४३ जण उत्तीर्ण झाले. आमच्या शिक्षकबंधूंना हा आकडा निष्ठुर वाटेल, पण त्या परीक्षेला कोणीही बसू शकत असे, हेही ध्यानात घ्यावे.

१९३७ मध्ये ते मॉस्कोला पीटर कापित्झा यांच्या संस्थेत आले. त्याच सुमारास कापित्झांना, आणि स्वतंत्रपणे केंब्रिजमध्ये ॲलन व मायझनर यांना, आढळले की उणे २७१ अंश सेल्सियसच्या आसपास द्रवरूप हेलियम अतिसूक्ष्म फटींतूनही विनासायास वाहतो. हे वृत्त जानेवारी १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. एप्रिलच्या अखेरीस लँडाऊ तुरुंगात होते. स्टालिनने क्रांतीचा घात केला, असे सांगणाऱ्या एका पत्रकाशी त्यांचा संबंध होता. तो काळ असा की, अटक झालेल्या माणसाची ओळख सांगणेही लोक टाळीत. कापित्झांनी मात्र अटकेच्या दिवशीच स्टालिनला पत्र लिहिले. वर्षभराने मोलोटोव्हला कळविले की, हेलियमचे कोडे सोडवावयास हाच माणूस हवा; आणि स्वतः जामीन राहून १९३९ च्या एप्रिलमध्ये त्यांना सोडविले. विज्ञानाच्या इतिहासात शोधांची नोंद होते, अशा जामिनांची होत नाही.

ते कोडे लँडाऊंनी १९४१ मध्ये सोडविले. डिंभ्याच्या कालव्यातील पाणी काठाशी घासत जाते, म्हणजे आपली ऊर्जा थोडीथोडी गमावीत जाते. अतिथंड हेलियमला अशी चिल्लर देता येत नाही. त्याच्यात ऊर्जा गमवायची तर एखादे पुंजरूप उत्तेजन निर्माण करावे लागते: ध्वनिलहरींचे फोनॉन किंवा लँडाऊंनी कल्पिलेले रोटॉन. ही उत्तेजने म्हणजे जणू मोठ्या नोटा! एका ठराविक वेगाखाली प्रवाहाला त्यांतली एकही मोडणे परवडत नाही. म्हणून घर्षणच नाही. या विचारातून त्यांनी हेलियममध्ये उष्णतेच्याही लहरी धावतील असे भाकीत केले. पेश्कोव्ह यांनी १९४४ मध्ये त्या प्रयोगात पकडल्या. पुढे न्यूट्रॉनांच्या माऱ्याने रोटॉनचेही माप घेतले गेले.

तथापि एक उणीव सांगितलीच पाहिजे. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये ढाक्याहून पाठविलेल्या लेखातून निघालेली, आइन्स्टाइन यांनी विस्तारलेली संघननाची कल्पना फ्रिट्झ लंडन यांनी १९३८ मध्येच हेलियमला लावली होती. टिस्सा यांनी त्यावर दोन द्रवांची उपपत्तीही उभारली होती. लँडाऊंनी टिस्सांवर कोरडे ओढले आणि बोस यांच्या संघननाला आपल्या उपपत्तीत जागाच दिली नाही. दोन्ही विचार परस्परपूरक आहेत, हे बोगोल्युबोव्ह यांनी १९४७ मध्ये गणिताने दाखविण्यास आरंभ केला. बुद्धिमत्तेला फटकळपणाची जोड मिळाली की असे घडते. लँडाऊंचे मोठेपण त्याने कमी होत नाही, पण भक्तिभावाने ते झाकूनही ठेवू नये.

७ जानेवारी १९६२ रोजी मोटार अपघातात त्यांना जबर इजा झाली. प्राण वाचले, पण ती सर्जक बुद्धी परतली नाही. त्याच वर्षीचे नोबेल पारितोषिक त्यांना मॉस्कोतच, रुग्णालयात देण्यात आले. १ एप्रिल १९६८ रोजी ते वारले. कापित्झांना ते पारितोषिक १९७८ पर्यंत मिळाले नव्हते.

बोस यांचे संघनन विरळ वायूत प्रत्यक्ष साधले ते १९९५ मध्ये, अमेरिकेत. लँडाऊंची वेगमर्यादा पुढे त्या वायूंतही तपासली गेली. २०१८ मध्ये इन्सब्रुक येथे एर्बियमच्या अतिथंड अणूंत रोटॉनही दिसले. पुण्याच्या आयसर संस्थेतही अशा अतिथंड अणूंवर संशोधन चालते. खोडदहून परतणाऱ्या मुलांच्या गाडीने वाट थोडी वाकडी केली, तर ती प्रयोगशाळा दोन-अडीच तासांच्या अंतरावर आहे.